कांबिओ

रेडिओ तोंडाला चिकटवू नकोस, एलेउतेरिओ म्हणाला,
वीतभर लांब धर, आणि उभा,
दारूच्या बाटलीसारखा आडवा नको.
बटण दाब. एक श्वास थांब. मग बोल.
आधी ज्याला हाक मारायची त्याचं नाव,
मग आपलं.
बोलणं संपलं की म्हण कांबिओ,
म्हणजे बदल, म्हणजे आता पाळी तुझी,
आणि बोट काढ.
बोट काढल्याशिवाय ऐकू येत नाही, एवढं ध्यानात ठेव.
बाकीचं मासेसुद्धा शिकतील.

दीर शिकवत होता, मी त्याचा अंगठा बघत होते.
काळं पडलेलं नख, हुबेहूब माझ्या नवऱ्याचं.
एक वॅट, पाच वॅट, सोळा नंबर,
आणि ही खरखर मिटवायची गुंडी:
जास्त पिळलीस तर माणसंही मिटतील.

आमच्या होडीचं नाव सिएतेमेसीना, सातमाशी.
पैसे संपले म्हणून सातव्या महिन्यातच पाण्यात उतरवली,
केबिनला दार अजून बसायचंय.
आत रेडिओ भिजायचा
म्हणून मी तो मागच्या खिशात ठेवू लागले.

मे महिना. केऊई बेटावर धुकं असं
की हातातली दोरीसुद्धा अर्धीच माझी.
शिंपल्यांच्या माळा ओढून दमले, क्रेटवर बसले,
आणि रोजच्यासारखी ओनोफ्रेशी बोलू लागले.
त्याला जाऊन तीन वर्षं झाली.
बोलायला अडचण काही नाही,
उलट आता तो मधे तोंड घालत नाही.
म्हटलं, बटाट्यांना कीड लागलीय.
म्हटलं, इंजिनाचे चार हप्ते थकलेत,
तुझ्या भावाला कळू देऊ नकोस.
म्हटलं, तुझा अकॉर्डियन विकला,
आणि खरं सांगू, तू वाजवायचास ते मला कधीच आवडलं नाही.
मग जरा रडले. मग नाक शिंकरलं.

बटणात मीठ साचलेलं.
माझ्या वजनाखाली ते दबलं ते दबलंच,
बावीस मिनिटं.

बावीस मिनिटं सोळा नंबरवर दुसरं कुणी नव्हतं.
दाल्कावेच्या धक्क्यावर किटल्या निवल्या,
एलेउतेरिओनं हप्त्यांचं ऐकलं,
बंदर कचेरीतला पोरगा ओरडत राहिला,
बाई, चॅनल मोकळा करा, चॅनल मोकळा करा,
आणि मला कसं ऐकू जाणार?

चेलीनच्या टेकडीमागे आलादीनो एकटाच,
होकायंत्राच्या काचेत पाणी, इंजिन खोकतंय.
त्यानं किती हाका मारल्या
त्या सगळ्या माझ्या बटाट्यांखाली गाडल्या गेल्या.

संध्याकाळी धक्क्यावर त्यानं शिव्या घातल्या,
त्याच्या आईच्या वयाची असून मी ऐकून घेतल्या.
मग टोपी पिळत म्हणाला,
आधी तू तुटक येत होतीस,
कीड... चार... देऊ नकोस...
म्हणजे टेकडी मधे असणार.
मी सुकाणू फिरवत राहिलो, फिरवत राहिलो,
आणि तू नाक शिंकरलंस ते इतकं लख्ख आलं
की कळलं, आता मधे डोंगर नाही,
नुसतं पाणी.
पण हे नशीब. नशिबावर चॅनल चालत नाही, बाई.

आता रेडिओ छातीशी बांधलेला असतो.
रोज रात्री चुलीपाशी बसून
गोड्या पाण्यानं, जुन्या दातांच्या ब्रशनं
बटणाच्या कडा घासते.
पहाटे धक्का सोडताना हाक देते:
आलादीनो, आलादीनो, इथे सातमाशी,
ऐकू येतंय का, कांबिओ.
बोट काढते.
खरखर.
आणखी खरखर.
हे एवढं थांबणंच शिकायला मला सगळ्यात वेळ लागला.

मग त्याचा आवाज, पाव चावत:
येतंय. स्वच्छ.
अकॉर्डियन कितीला गेला
ते तेव्हा सांगितलं नाहीस. कांबिओ.