नंबर टाकणारा

निकाल लागला त्या रात्री खोऱ्यात कोणी झोपलं नाही.
भोंग्यावरून बातमी सांगताना गावप्रमुख मध्येच रडला.
मक्याची दारू निघाली, ढोल निघाले,
आणि मान-बोक, जो बांधावरून अकरा वर्षं
माझ्याशी बोलत नव्हता,
त्यानं मला उचलून गोल फिरवलं.
जग येणार होतं आमच्याकडे, बर्फावर घसरायला.
मीही नाचलो.
हे आधीच सांगून टाकतो,
मागाहून कोणी काढायला नको.

मार्चात वनखात्याच्या साहेबानं हातात ब्रश दिला
आणि लाल रंगाचा डबा.
तुम्हाला डोंगर पाठ आहे, म्हणाला.
होताच.
छातीच्या उंचीवर आकडा टाकायचा,
खोड ओलं असेल तर आधी फडक्यानं पुसायचं.
मी पुसत होतो,
पोराचं नाक पुसावं तसं,
आणि लिहीत होतो.
रोजी चांगली होती.

चौदाशे अकरानंतर तो जुमोक आला.
तांबड्या लाकडाचं झाड,
हजार वर्षं जगतं,
मेल्यावर हजार वर्षं उभं राहतं, असं आमच्यात म्हणतात.
त्याच्या ढोलीत माझ्या बापानं
लढाईच्या हिवाळ्यात तीन रात्री काढलेल्या,
एका कच्च्या बटाट्यावर.
मी डबा उचलला, पुढे गेलो,
पलीकडच्या भूर्जावर लिहिलं चौदाशे बारा.
दहा दिवसांनी वर गेलो तर जुमोक आडवा.
करवतवाला पोरगा हसून म्हणाला,
काका, एक राहून गेलं होतं तुमचं.
मी त्याचे आभार मानले.
का मानले, कुणास ठाऊक.

आता रस्त्याचंही सांगायला हवं.
ओक-बुनला आठवड्यातून तीनदा रक्त धुवायला न्यावं लागतं.
पूर्वी दोन तास, नुसती वळणं,
मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी उघडी धरून.
आता बोगदा आहे. पस्तीस मिनिटं.
आत शिरलो की ती पेंगते,
डोकं माझ्या खांद्यावर येतं.
या बोगद्याला शिव्या द्यायच्या
तर कोणत्या तोंडानं द्यायच्या?

फाट्यावर इंग्रजी पाटी लागली,
गावाच्या नावात एक अक्षर चुकलेलं.
आता टपालही त्याच चुकीच्या गावाला येतं.
मेव्हणीनं चाळीस माणसांच्या हिशेबानं
कुट्टूचं पीठ दळून ठेवलं, शेवया करायला.
तीन आठवड्यांत सात जण आले.
त्यातला एक रस्ता विचारायला.

मला जाकीट मिळालं, स्वयंसेवकाचं, निळं.
इतकी ऊब या अंगाला जन्मात मिळाली नव्हती.
अजून घालतो.
सरपण फोडताना घालतो, दवाखान्यात घालतो.

आणि शर्यत.
एक मिनिट आणि वर काही सेकंद, एकेकीची.
दोरीशी उभा होतो मी.
जुमोक होता साधारण तिथेच उंचवटा केलेला,
त्यावरून एक पोरगी सुटली,
कुठल्या देशाची ते टोपीवरून कळेना,
आणि हवेत गेली,
आणि राहिली हवेत,
जितकं राहू नये त्याहून जास्त.
काय सांगू.
देखणं होतं.

परवा नातवानं फोनवर ती शर्यत लावली.
थांबवली. दोन बोटांनी मोठी केली.
आजोबा, हे बघा तुम्ही!
कडेला निळा ठिपका,
दोन्ही हात वर, तोंड उघडं.
काय ओरडत होता?
मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं.
तोंडावरून काही कळेना.
आवाज वाढव, म्हटलं.
त्यानं वाढवला.
नुसता वारा होता,
आणि समालोचक.