यजमान

मुल्ला मॅडमच्या वहीत पाच रकाने:
ठिकाण, तारीख, उंची, लिंग, यजमान.

मी बॅटरी धरते, त्या हातमोज्यात पाकोळी धरतात,
दंडोबाच्या डोंगरात, मागच्या कपारीत,
जिथं गुराखीसुद्धा नाक दाबून वाकतो.
बोटभर जीव, पण दात विचकतो.
मॅडम फुंकर मारतात, लव दुभंगते
आणि मधूनच काहीतरी आडवं पळतं.
कोळ्यासारखं, पण पाय सहाच,
मान पाठीवर मोडून ठेवलेली.

माशी आहे ही, त्या म्हणाल्या.
पंख नसलेली माशी.
मग मिरज तालुक्यात आली कशी?
"बसून," त्या म्हणाल्या.

त्यांच्या घरी भिंतीवर नकाशा आहे.
दोन टाचण्या लंकेत, एक ब्रह्मदेशात,
मधला सगळा मुलूख कोरा.
कोरा म्हणजे तिथं ती नाही, असं नव्हे गं,
कोरा म्हणजे तिथं कुणी फुंकर मारली नाही.

उद्या एक टाचणी भोशाला लागेल.
तिच्या डोक्याखाली
खरशिंग, पाझर तलाव, माझा गोठा,
सगळं झाकून जाईल.

हिला ना भोसे ठाऊक, ना लंका.
हिचा तालुका म्हणजे एक बगल,
जिल्हा म्हणजे पोटाची ऊब.
बाळंतपणाला तेवढी खाली उतरते,
दगडावर टिकलीएवढा जीव चिकटवते
आणि मागं न बघता परत लवेत.

"सगुणा, यजमानाचं नाव लिही."

पेन थांबलं.
पदर नकळत डोक्यावर गेला.
मॅडम हसल्या. अगं, पाकोळीचं!
मग एकेक अक्षर सांगत गेल्या,
लांबलचक, परमुलखातलं नाव,
मी ते काना-मात्रा न चुकता लिहिलं.

बाटलीत स्पिरिट. माशी अजून पाय हलवत होती.
यजमान मेला तर ही किती दिवस काढते?
दोन. फार तर तीन.
मी बूच घट्ट बसवलं.

उतरताना हिशेब केला:
अकरा वर्षं, चार महिने.
दोन म्हशी, एक बोअर, पोरीचं नर्सिंग.

मॅडम पुढं होत्या, काठी टेकत.
मी ते नाव मोठ्यानं घेतलं,
नुसतं, उखाण्याशिवाय.

त्या वळल्या. "काय गं?"
"उंची," मी म्हटलं, "उंची लिहायची राहिली."