एक शुक्रवार, येणे बाकी

आपिया ते पांगो पांगो:
सव्वाशे किलोमीटर, पस्तीस मिनिटं.
विचारलं तर कुणीही एवढंच सांगेल.

काट्यावर आधी सामान चढतं, मग माणूस.
फुआतिनो वहीत आकडे मांडते.
माझे एकाहत्तर, चटईच्या गुंडाळीचे नऊ,
आणि आवाज खाली आणून
मागच्या बाईंचे एकशे बारा.
वैमानिक वही बघतो, मला डावीकडे बसवतो.
होडीत बसवतात तसंच.

आई पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी गेली.
शुक्रवार.
पेनिआमिनाला फोन करू नका, थोरले काका म्हणाले,
ही बातमी माणसाच्या तोंडूनच जावी.
म्हणून मी नऊच्या विमानात.

मधे कुठेतरी ती रेघ आहे म्हणतात.
खिडकीला नाक लावून शोधली.
पाणी, आणि पाण्यावर आमची सावली, माशीएवढी.
शेजारचा म्हातारा उकडलेला तारो चघळत होता,
तो चघळत चघळतच आदल्या दिवसात शिरला.

उतरले तेव्हा नऊ पस्तीस.
इथे काटे फिरवावे लागत नाहीत,
फक्त वार बदलायचा.
भिंतीवर गुरुवार.

ट्यूनाच्या कारखान्याच्या फाटकाशी तो आला,
पांढरे गमबूट, डोक्याला जाळी,
मासळीचे हात माझ्यापासून लांब धरून.
आई गेली रे.
कधी?
शुक्रवारी. पहाटे.
त्याने माझ्याकडे पाहिलं, मग पहारेकऱ्याच्या कॅलेंडरकडे.
"आज गुरुवार आहे, लांगी."
आणि एक क्षण, खोटं कशाला बोलू,
आम्ही दोघांनीही मनात हिशेब मांडला:
आत्ता निघालो, तर.

मग त्याचा चेहरा उतरला.
चार दहा इथेही वाजून गेले होते.
"तेव्हा मी डब्यांना झाकणं लावत होतो," तो म्हणाला.
किती डबे, तेही सांगितलं.

आमच्या बेटाने रेघ ओलांडली त्या वर्षी
डिसेंबरातल्या एका गुरुवारी आम्ही झोपलो
आणि उठलो ते शनिवारी.
सगळे हसले, विसरले.
आई नाही.
दुकानदाराला, पाद्रीबाबांना, मतं मागायला आलेल्यांना
ती दारातच ऐकवायची:
सरकारकडे माझा एक शुक्रवार बाकी आहे.
व्याज नको, मुद्दल द्या.

संध्याकाळचं विमान.
काट्यावर पेनिआमिना चौऱ्याण्णव,
त्याचं खोकं बावीस.
खोक्यात काय, कुणी विचारलं नाही, वासच सांगत होता.
समुद्र काळा झाला होता,
या वेळी मी रेघ शोधली नाही.
तो समोरच्या पाठीला कपाळ टेकून बसलेला,
मला वाटलं झोपला.

"वसूल केला बघ तिने," तो म्हणाला.

खाली आमच्या किनाऱ्याचे दिवे लागले होते.
शुक्रवारचे अजून
चारेक तास शिल्लक होते.