बारा किलो लाल

अक्कलकोट रोडला, चादरीच्या कारखान्याच्या मागच्या खोलीत
सर्व्हरला एसी आहे, मला पंखा.
चेअरमन दारातूनच विचारतात,
"काय बे येमूल, दोन कोटेशनं आलीत. स्वस्त कुठलं?"

साहेब, स्वस्ताचं नाही, स्वभावाचं आहे.

पहिलं मिडलवेअर मागाच्या जातीचं.
माझे वडील जॉबर होते, भद्रावती पेठेत.
ताण्याचा एक धागा तुटला
की लोखंडी पत्ती पडायची, माग गप्प.
अडीच हजारांतला एक धागा.
वडील दोन बोटं विणलेलं उसवायचे,
गाठ मारायचे, पुन्हा धोटा सोडायचे.
अर्ध्या चादरीला गिऱ्हाईक नसतं, म्हणायचे.
पैसे गेले आणि सूत आलं नाही
असं तिथं होत नाही:
दोन्ही होतं, नाहीतर काही झालंच नव्हतं.

दुसरं म्हणजे सिद्रामप्पा हत्तुरे.
शेठजींचं तेलुगूत ऐकायचा,
कानडीत मनात धरायचा,
मराठीत चिठ्ठी लिहायचा
आणि रंगखान्यात जाऊन दखनीत सांगायचा.
बारा किलो लाल
चारी भाषांत बारा किलोच राहायचं,
लाल तेवढं जरा इकडेतिकडे.
त्याच्यासाठी कुठलाच माग थांबत नसे.
रंगखाना बंद? चिठ्ठी खिशात, उद्या.
सायकल पंक्चर, उद्या.
सूनबाई बाळंत, परवा.
पोचायची मात्र. जोडभावी पेठेतला सूतवाला
आणि आमचा हिशेबनीस
एकमेकांचं तोंड न बघता
बावीस वर्षं धंदा करत होते.

चेअरमन घड्याळ बघतात.
हे त्यांना सांगत नाही, की सिद्रामप्पा गेल्यावर
त्याच्या सुनेनं कोट आणून दिला,
आतल्या खिशात घडी:
जमादारभाई, बारा किलो लाल, शुक्रवारपर्यंत.
जमादारांच्या रंगखान्याच्या जागी
तोवर मंगल कार्यालय उभं राहिलं होतं.
कुणाची किनार पांढरी राहिली
कुणाला कळलं नाही.
माग असता तर खटकन थांबला असता,
सगळं उसवलं असतं, शुक्रवारसकट.
पण मग इतकी वर्षं
या गावात काही हललंही नसतं.

ती चिठ्ठी मी सर्व्हरच्या दाराला
सेलोटेपनं चिकटवली आहे.
एसीच्या वाऱ्यानं तिचा एक कोपरा उडतो.

"दोन्ही घ्या साहेब. बँक आणि पगार पहिल्यावर,
सूत, रंग, ट्रान्सपोर्ट सिद्रामप्पावर."

चेअरमन फायली उलटतात.
"सिद्रामप्पा? त्याचं कोटेशन कुठाय बे?"