धोटा पिक्चर्स, अशोक चौकाच्या मागे

आठ मागांपैकी चार विकून
यादगिरी गुंडेटीनं कॅमेरा आणला,
लोकांची लग्नं काढून काढून दमलेला.
उरलेल्या चारांवर दिवसा टॉवेल,
रात्री सिनेमा.

गल्लीभर खडखडाट. संवाद धरायचा कसा?
मग भारनियमनाचा तक्ता भिंतीवर चिकटवला.
वीज गेली की शेडमध्ये चादरी टांगायच्या,
मधोमध मी, टेपरेकॉर्डर, मेणबत्ती,
आणि बाहेरून यादगिरी,
"सेल हायत तवर बोला बे!"
म्हणून आमच्या पिक्चरमधली माणसं
घाईनं प्रेम करतात,
घाईनं मरतात.

बायकांचे आवाज सगळे माझे.
सासू मी, सून मी, कोर्टातली जज्ज मी,
मराठीत एकदा, तेलुगूत एकदा.
तोंड मात्र लचमव्वाचं.
ऐंशी रुपये रोज, वर कडक भाकरी, शेंगाचटणी.
हजार विड्या वळूनच यायची ती,
आणि भूत होऊन उभी राहिली तरी
बोटं थांबायची नाहीत,
हवेतच पान कापायची, तंबाखू भरायची, दोरा मारायची.
यादगिरी वैतागला. दुसरी रीळ नव्हती. ठेवलं तसंच.

गड्ड्याच्या जत्रेत, तंबूत, पोरं त्या बोटांनाच भ्याली.
भूत दर शनिवारी कारखानदाराच्या दारात यायचं,
राहिलेला हप्ता मागायला.
"मेले मी. हिशेब न्हाई मेला."
ही ओळ कागदावर नव्हती.
सेल संपत आले होते,
लांबलचक शाप होता, तो मी आखडला.

नंतर मोबाईल आले.
कॅमेऱ्याला गिऱ्हाईक मिळेना,
मागांना मिळालं, भंगाराच्या भावात.
यादगिरी लेकीकडे भिवंडीला गेला, तिथंच राहिला.
लचमव्वाचं कुणी कळवलं नाही.
मी एसटी स्टँडवर.
अक्कलकोट, तुळजापूर, विजापूर,
फलाट सांगते.

परवा पूनम गेटला विडीवाल्या बसलेल्या,
तीनशे तरी असतील.
जुन्या चादरीवर, वाकड्या अक्षरांत, निळ्या रंगानं,
मेले मी हिशोब नाय मेला.
एका पोरीला विचारलं, कुणाचं गं हे?
"कुणाचं म्हंजे? म्हणतेत की लोक."
वीस-बावीसची असेल.
बोलताना बोटं चाललेली,
मांडीवर सूपसुद्धा नव्हतं.

सांगणार होते.
दोनची ड्युटी होती.