एका दिशेने

मानवतला आमच्या गल्लीमागे जिनिंग आहे.
दिवाळीपासून माघापर्यंत
हवेत सरकीचा वास, आणि कापसाची लव
दोरीवरच्या कपड्यांवर, पापण्यांवर,
परातीतल्या पिठावरसुद्धा.
त्यात घरात भुरी मांजर,
काळाकुट्ट सुभेदार,
आणि स्टोव्हवर भगुण्यात
वितळणारं मेण.

बचत गटाच्या बैठकीत
विशाखाताई सगळ्यांदेखत म्हणाल्या,
"मेणबत्त्या चांगल्यात तुझ्या,
पण मागच्या पौर्णिमेला विहारात
एकीवर केस होता."
केस म्हणजे केवढा! पापणीएवढा.
मी म्हटलं, कापूस असेल.
"काळा कामून मग?"
बायका हसल्या. मीपण हसले.
घरी येऊन
दोन दिवस सुभेदारशी बोलले नाही.

ओल्या फडक्याने केस निघत नाही,
नुसता लोळतो.
चिकटपट्टीने उचलला तर उठतो,
मागे खरबरीत डाग ठेवून.
पेपरात गुंडाळाव्यात
तर पांढऱ्या अंगावर
कापसाचे भाव उलटे उमटतात,
सात हजार दोनशे,
आरशात धरून वाचावेत असे.

लागतो तो जुन्या नायलॉन साडीचा तुकडा
(माझ्या लग्नातली, मामाने दिलेली,
दोन-दोन बोटं फाडत आता काठापाशी आली),
खोबरेलाचा थेंब, एकच,
आणि हात वातीकडून खाली.
एका दिशेने.
परत वर न्यायचा नाही, नेला की संपलं.
मग बिस्किटाच्या डब्यात उभ्या,
झाकण दाबून वर खलबत्ता,
कारण भुरीला झाकण उघडता येतं.

साचे म्हणजे बोअरवाल्याकडचे
पाइपाचे तुकडे.
मेण गोठताना ते कोमट राहतात,
आणि थंडीत भुरीला तेवढंच हवं असतं:
पाठ टेकून, डोळे मिटून,
सगळी लोकर तिथेच सोडून.

आम्रपाली म्हणाली,
"आई, ओतायच्या दिवशी
दोघांना बाहेर ठेव की."
ठेवलं.
भुरी खिडकीच्या गजात बसून राहिली,
मला बघत, एक शब्द नाही.
सुभेदारने दाराखालच्या फटीला नाक लावलं
आणि असे श्वास सोडले
की ओसरीवरची सगळी लव
फुंकरीसरशी घरात.
घेतलं आत. काय करता.

माघ पौर्णिमेला शंभर नग.
एकेक पुसली,
एकेक उन्हात फिरवून पाहिली,
तांदूळ निवडावेत तशी.
विहारात पायरीवर रांगेत लावल्या,
वंदना झाली,
सगळे डोळे मिटून बसले,
बाहेर ट्रॅक्टरसुद्धा नव्हता.
तेवढ्यात डावीकडून तिसरीने
तड् केलं.
बारीक ठिणगी,
आणि जळक्या केसाचा वास,
क्षणभरच, पण ओळखू यावा एवढा.

आम्रपालीने ओठ चावले.
मी सतरंजीचे पट्टे मोजू लागले.
विशाखाताईंचे डोळे मिटलेलेच,
फक्त नाकपुडी हलली.
तो वर नव्हताच.
ओततानाच आत पडलेला,
माझ्या बोटांना
कधीच लागणार नव्हता.

घरी आले तर भुरी उंबऱ्यावर,
स्वतःला साफ करत,
मानेकडून शेपटीकडे
जीभ ओढत,
परत वर न नेता.
थांबली, मला बघितलं,
पुन्हा सुरू.

मी तिथेच टेकले.
पदरावर मेणाचा थेंब वाळला होता,
नखाने खरवडला.
आत एक केस.
सुभेदारचा म्हणावा तर काळा नव्हता,
भुरीचा म्हणावा
तर हातभर लांब.
आम्रपालीला हाक मारणार होते,
मग म्हटलं, राहू दे.