पदरमोड

फॉर्म अकरा पानांचा. शेवटची मुदत शुक्रवार, संध्याकाळी पाच.
देशाला अडीचशे वर्षं होतायत, म्हणून
गावोगावच्या इतिहासासाठी वरून पैसे सुटलेत,
आणि हॅरोज लँडिंगचा इतिहास
सध्या ग्रंथालयाच्या तळघरात, बॉयलरशेजारी,
केळ्यांच्या सात खोक्यांत आहे.

आम्ही तिघं.
ऑरिन टटल, वय चौऱ्याऐंशी, अध्यक्ष,
कारण त्या दिवशी तो सभेला आला नव्हता.
डेल्फीन क्राट्झ, जिच्याकडे किल्ली असते.
आणि मी खजिनदार. खजिन्यात तीनशे बारा डॉलर,
त्यातले चाळीस केकविक्रीचे.

प्रश्न चौथा : आपला प्रकल्प राष्ट्राच्या स्थापनेशी कसा जोडलेला आहे?
ऑरिन म्हणाला, लिही, नाही जोडलेला.
राष्ट्र जन्मलं तेव्हा इथे नुसती ओहायो वाहत होती
आणि काठावर शॉनी लोक, ज्यांना कुणी विचारलं नाही.
गाव आलं शंभर वर्षांनी, मातीच्या मागोमाग.
चिकण माती, मग भट्टी, मग भट्टीवर हातावर पोट असलेले,
मग चर्च, मग त्याच्या समोर दारूचं दुकान.
मी लिहिलं : घनिष्ठ संबंध आहे.

प्रश्न पाचवा : अडीचशे शब्दांत सांगा.
म्हणजे वर्षाला एक शब्द.
यादवी युद्धाला चार दिले. महापुराला एक, 'महापूर'.
भट्टी बंद पडली त्या वर्षासाठी
डेल्फीनला नऊ हवे होते. तिचे वडील होते तिथे.
भांडून तीनवर आली,
मग उठून बॉयलरकडे तोंड करून उभी राहिली जरा वेळ.

प्रश्न नववा : जेवढं मागाल तेवढी पदरमोड तुमची.
पैसे नसतील तर कष्ट चालतील,
स्वयंसेवकाचा तास तीस डॉलरला धरू.

मग मोजले तास.
थडग्यांवरचं शेवाळ खरवडत ऑरिन, एकसष्ट.
जुनी पत्रं टाइप करत डेल्फीन, अठ्ठ्याऐंशी.
मी, ओढूनताणून चाळीस.
खजिना पालथा घातला तरी
नऊ हजारांना तीन हजार अठरा कमी.

तेव्हा ऑरिननं चौथ्या खोक्यातून ती वीट काढली.
सगळे येतात ती बघायला, म्हणजे वर्षाला पाचसहा जण.
ओल्या मातीत उमटून भाजला गेलेला पंजा,
माझ्या तळहाताच्या निम्मासुद्धा नाही.
आणि पगारवही उघडली, सन अठराशे त्र्याण्णव :
ह्लावाटीचा पोर. दहा तास. तीस सेंट.
खाली ह्लावाटीचा पोर. दहा तास. तीस सेंट.
रविवार सोडून एक्केचाळीस आठवडे,
आणि नाव कुठेच नाही.

तीस सेंट म्हणजे पगार झाला, डेल्फीन म्हणाली,
त्याला स्वयंसेवक कसं म्हणायचं?
ऑरिन म्हणाला, मग काय म्हणायचं?

दोन हजार चारशे साठ तास, गुणिले तीस.
त्र्याहत्तर हजार आठशे.
मी आकडा पेन्सिलीनं लिहिला. खोडला.
पुन्हा लिहिला, या वेळी पेननं.

समोर रकाना होता : स्वयंसेवकाची सही.
बॉयलर चालू झाला की तळघरात वारा सुटतो,
कागद उडू नयेत म्हणून कुणीतरी
वीट त्यावरच ठेवली होती.
उचलली तर रकान्यात लाल भुकटी.
पुसायला गेले, तर आणखीच पसरली.

शुक्रवार, चार वाजून चाळीस मिनिटं.
पोस्टातल्या बाईनं पाकीट वजनाला लावलं,
काउंटरवर बोट फिरवलं,
बोटाकडे बघितलं
आणि म्हणाली, यात माती आहे का काही?